व्हिस्कीचे शॉट: ट्रे फिरवणाऱ्यासाठी थोडं गणित



व्हिस्कीवर जाहीर व्याख्यान, आणि तेही पिंगळीत! पत्रिका पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. समोर माळकरी मंडळीही बसलेली दिसतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, प्यावं की पिऊ नये हा आजचा विषय नाही. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं असं सांगायला आम्ही आलेलो नाही. दारूचं पूर्णपणे निर्धोक असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय. ते मान्य करूनच आम्ही पुढे बोलणार आहोत.

पण हळदीची रात्र असते, ३१ डिसेंबर असतो, मित्राला नोकरी लागलेली असते. अलीकडे अशा वेळी घरातला मिक्सर बाहेर येतो. बर्फ, लिंबू, साखर आणि व्हिस्की एकत्र फिरवतात, छोट्या ग्लासांत ओततात आणि ट्रे फिरवतात. याला पोरं 'शॉट' म्हणतात. बनवायला सोपा, दिसायला छान.

इथं एक फरक पडतो, तो लक्षात घ्या. पूर्वी बाटली समोर असायची. आपण किती ओतलं ते पिणाऱ्याला दिसायचं. ट्रेमधल्या ग्लासात किती दारू आहे हे मात्र फक्त बनवणाऱ्याला माहीत असतं, आणि पुष्कळदा त्यालाही नसतं. म्हणजे मोजायची जबाबदारी पिणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे गेली. आजचं सगळं बोलणं त्या बनवणाऱ्यासाठी आहे. बाटलीत काय असतं, ग्लासात किती जावं, आणि तो ग्लास चांगला कसा बनवावा, या क्रमानं जाऊ.

बाटलीत नेमकं काय असतं?

ब्लेंडेड म्हणजे मिसळलेली. मूळ गोष्ट स्कॉटलंडची. तिथं मोड आणलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या भांड्यात, एकेक घाणा करून 'माल्ट' व्हिस्की गाळत. चव दणकट, पण काम सावकाश. १८३० मध्ये एनीस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं. त्या भट्टीतून स्वस्त आणि सौम्य धान्यमद्य भराभर निघू लागलं. १८६० च्या ब्रिटिश कायद्यानं ही दोन्ही मद्यं मिसळायला मोकळीक दिली, आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी मिश्रणाचा धंदा उभा केला. अशा मिश्रणाला व्हिस्की म्हणायचं की नाही यावर भांडण झालं. शेवटी १९०८-०९ मध्ये तिकडच्या शाही आयोगानं 'म्हणायचं' असा निकाल दिला.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या शिवारातून जाते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी परभणीकडे आलं, त्यावर ऊस आला. कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरते ती मळी. मळी आंबवून, गाळून, पुन्हा पुन्हा शुद्ध करून सुमारे ९६ टक्क्यांचा स्पिरिट तयार होतो. त्याला स्वतःची चव, वास जवळजवळ नसतो. भारतातल्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कित्येक व्हिस्क्यांचा पाया हाच. त्यात थोडा माल्ट स्पिरिट, पाणी आणि रंगासाठी जाळलेली साखर, म्हणजे कॅरॅमल. काही व्हिस्क्यांत पाया मळीऐवजी धान्याचा असतो. धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचं धोरण महाराष्ट्र सरकारनं २००७ मध्ये आणलं, त्यावर केवढा वाद झाला ते ज्वारी पिकवणाऱ्या भागाला सांगायला नको.

युरोपच्या नियमांत मळीच्या मद्याला व्हिस्की म्हणताच येत नाही. तिथं धान्य हवं, आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरवणं हवं.

हे सांगण्यामागे कामाचा मुद्दा असा. साध्या ब्लेंडेड व्हिस्कीची चव मुळात पातळ असते. लिंबू-गुळाच्या मिश्रणाला ती पुरते. पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली महागडी सिंगल माल्ट मिक्सरमध्ये घालणं म्हणजे आंबेमोहोर तांदळाची बिर्याणी करण्यासारखं आहे. पैसेही गेले, वासही गेला.

लेबलवरचा एक आकडा

बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. बहुतेक भारतीय व्हिस्कीवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. हा विचित्र आकडा कुठून आला? जुन्या ब्रिटिश 'प्रूफ' मापातून. त्या मापात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ७५ प्रूफ, म्हणजे ४२.८ टक्के. इंग्रज गेले, पण त्यांचं माप आपल्या बाटलीवर राहिलं.

आता हिशोब करू. छोटा पेग ३० मि.ली.चा. त्यात शुद्ध मद्यार्क सुमारे १२.८ मि.ली. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो, १ मि.ली.चं वजन ०.७९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम मद्यार्क. हा आकडा पाठ करा.

त्यावरून बाकीचं आपोआप येतं. ९० मि.ली.ची निप म्हणजे ३० ग्रॅम. १८० मि.ली.ची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. ७५० मि.ली.चा खंबा म्हणजे २५ छोटे पेग, २५० ग्रॅम.

आमची सूचना अशी की पार्टीतला एक शॉट अर्ध्या छोट्या पेगचा ठेवायचा. व्हिस्की १५ मि.ली., मद्यार्क ५ ग्रॅम. म्हणजे एका क्वार्टरमध्ये बरोबर १२ शॉट. माप ठेवायला सोपं आहे. एक घाणा म्हणजे एक क्वार्टर, एक ट्रे म्हणजे १२ ग्लास. बाटलीतून जारमध्ये 'अंदाजे' धार धरायची नाही. क्वार्टरच्या बाटल्या आणा, किंवा खोकल्याच्या औषधासोबत येणारी मापाची टोपी वापरा, तीही बहुधा १० किंवा १५ मि.ली.ची असते.

घसा फसतो, रक्त फसत नाही

अर्धाच पेग का, असं तुम्ही विचाराल. कंजूषपणा म्हणून नव्हे.

नुसती व्हिस्की घेतली की घसा जळतो. तोंडात आणि घशात उष्णता ओळखणारे संवेदक असतात. मिरचीनं जे चेतवले जातात तेच मद्यार्कानंही चेतवले जातात. म्हणून थंड व्हिस्कीही 'गरम' लागते. ही जळजळ म्हणजे शरीराचा स्वतःचा ब्रेक आहे. माणूस घोटभर घेतो, थांबतो, शेंगदाणे खातो.

मिक्सरमधला शॉट नेमका हा ब्रेक काढून टाकतो. बर्फानं जळजळ दबते, गोडीनं कडवटपणा झाकला जातो, लिंबानं तोंडाला पाणी सुटतं. चांगला शॉट तो, जो सरबतासारखा जातो. म्हणजे आपण जितका चांगला शॉट बनवू, तितकं पिणाऱ्याला मोजणं अवघड होणार. त्यात मद्यार्क रक्तात पूर्ण चढायला अर्धा ते दीड तास लागतो. पहिल्या वीस मिनिटांत चार ग्लास घेतलेला माणूस म्हणतो, 'काहीच होत नाही राव!' कारण चारही ग्लासांतला मद्यार्क अजून रक्तात पूर्ण चढलेला नसतो.

स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शरीराच्या वजनावरून रक्तातला मद्यार्क काढायचं गणित मांडलं. ते ढोबळ आहे, माणसागणिक फरक पडतो, पण दिशा दाखवतं. ६० किलोच्या पुरुषानं आपले अर्ध्या पेगचे दोन शॉट एकदम घेतले, तर १०० मि.ली. रक्तात साधारण २५ मिलिग्रॅम मद्यार्क येतो. तीन घेतले तर ३७ च्या आसपास. वाहन चालवण्यासाठीची कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ५० किलोच्या बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, तिच्या बाबतीत दोन शॉटमध्येच आकडा ३६ च्या घरात जातो.

आता हेच शॉट पूर्ण ३० मि.ली.चे केले, तर तीन ग्लासांत तोच पुरुष ७० च्या वर पोचतो. आणि चवीत त्याला फरक कळलेला नसतो. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम इतकंच उतरवतं. म्हणजे पाच तास. रात्री बाराला घेतलेलं पहाटे पाचपर्यंत रक्तात आहे. आणि साडेबाराला तो मोटरसायकलला किक मारतो.

आता मिक्सर लावू

*लिंबू-गूळ शॉट, १२ ग्लास*

व्हिस्की १८० मि.ली., ताज्या लिंबाचा रस ६० मि.ली., गुळाचा पाक ९० मि.ली., बर्फ साधारण १५० ग्रॅम, मीठ दोन चिमूट.

पाकासाठी गूळ आणि पाणी वजनानं समान घ्या, गूळ विरघळेपर्यंत गरम करा, गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. लिंबं कागदी असतील तर चार-पाच लागतील. रस आयत्या वेळी काढा, तासन्‌तास ठेवलेला रस कडवट होतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी रस, पाक, मीठ आणि बर्फ फिरवा, बर्फाचा चुरा होईपर्यंत. व्हिस्की सगळ्यात शेवटी घाला आणि दहा सेकंदच फिरवा. जास्त फिरवलं तर पात्याच्या घर्षणानं मिश्रण तापतं, बर्फ वितळतो आणि शॉट पाणचट होतो. सगळं मिळून ४८० मि.ली.च्या आसपास होतं, म्हणजे ग्लासाला ४० मि.ली. मिश्रणाची तीव्रता १६ टक्क्यांवर येते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत 'व्हिस्की सावर' नावानं रूढ झालेलं पेय म्हणजे हीच जोडी, मद्य, लिंबू आणि साखर. आपण साखरेच्या जागी गूळ घेतला, कारण गुळाला स्वतःची खरपूस चव आहे आणि पातळ व्हिस्कीला जी खोली कमी पडते ती गूळ भरून काढतो. मीठ कडवटपणा दाबतं.

*कैरीच्या पन्ह्याचा शॉट, १२ ग्लास*

उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी हा. उकडलेल्या कैरीचा गर १२० ग्रॅम, किसलेला गूळ ८० ग्रॅम ६० मि.ली. पाण्यात विरघळवून, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर काळं मीठ, बर्फ १२० ग्रॅम, आणि शेवटी व्हिस्की १८० मि.ली. गर फार दोरेदार असेल तर आधी चाळणीतून काढा. हा शॉट दाट होतो, ग्लासाला ४०-४५ मि.ली. बसतो.

*खजूर-दूध शॉट, १२ ग्लास*

थंडीसाठी. बिया काढलेले आठ खजूर १८० मि.ली. थंड, सायीच्या दुधात तासभर भिजवा. गुळगुळीत होईपर्यंत फिरवा, जायफळ किसून घाला, बर्फ ८० ग्रॅम, मग व्हिस्की १८० मि.ली. हा लगेच वाढायचा, ठेवून द्यायचा नाही. आणि यात लिंबू चुकूनही नको. दुधातलं केसीन हे प्रथिन आंबटात आलं की गोळा होतं. पनीर करताना आपण तेच करतो, ग्लासात ते नको.

*बिनदारूचा शॉट*

हा यादीत शेवटी असला तरी आधी बनवायचा. पहिल्या किंवा दुसऱ्या कृतीत व्हिस्कीऐवजी तितकाच, १८० मि.ली., कडक कोरा चहा गार करून घाला. चहातल्या तुरटपणामुळे पन्हं नुसतं गोड न राहता त्याला थोडा कणखरपणा येतो. गाडी चालवणारे, न पिणारे, औषधं सुरू असलेले, सगळ्यांच्या हातात काहीतरी हवं. 'तू घेत नाहीस?' हा प्रश्नच मग येत नाही. पण एक नियम पाळा. दारूचे शॉट काचेच्या ग्लासात, बिनदारूचे स्टीलच्या पेल्यात. दोन्हींचा रंग सारखाच असतो, अंधारात ट्रे बदलला तर पंचाईत. मिक्सरचं भांडंही वेगळं ठेवा, माळकऱ्याला दिलेला शब्द पाळायचा असेल तर एवढं करावंच लागतं.

मिक्सर, आग आणि उन्हाळा

जार अर्ध्यापर्यंतच भरा, झाकणावर हात ठेवा. बंद जारमध्ये सोडा कधीही फिरवू नका. वायू एकदम सुटतो आणि झाकण उडतं. सोडा हवाच असेल तर ग्लासात वरून घाला.

४० टक्क्यांच्या मद्याची वाफ सुमारे २६ अंशांना पेट घेण्याइतकी होते. परभणीचा मे महिना ४० च्या वर असतो. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या व्हिस्कीवर पेटू शकणारी वाफ असते. गॅसच्या शेगडीजवळ, आचाऱ्याच्या भट्टीजवळ हे काम नको. आणि व्हिडिओत पाहून शॉटला काडी लावणं तर मुळीच नको. ज्वाला दिवसाच्या उजेडात दिसत नाही, मिशा आणि ओढण्या मात्र पेटतात.

बाटली कुठून आणायची

परवाना असलेल्या दुकानातून, सीलबंद, बिल घेऊन. हे वाक्य सरकारी वाटेल, पण त्यामागे माणसं मेलेली आहेत. २००४ मध्ये विक्रोळीत ८७ जण गेले. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. दोन्ही वेळा विषारी दारू. मालवणीच्या दारूत मिथेनॉल होतं. ते दिसायला, वासाला साध्या मद्यार्कासारखंच. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर जातं. लक्षणं पुष्कळदा बारा ते चोवीस तासांनी येतात, पोटदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुकं. हँगओव्हर समजून झोपू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय प्यायलं ते लपवू नका. वेळेत पोचलं तर उपचार आहे. लिंबू-गुळाच्या शॉटमध्ये कसलीही भेसळ चवीला कळत नाही, म्हणून हा मुद्दा इथं दुप्पट महत्त्वाचा.

कायद्याचंही थोडक्यात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी त्याची रचना आहे. पिण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, १८ ची नाही. हॉल घेऊन कार्यक्रम करायचा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना घ्या. पंचवीस वर्षांच्या आतल्या पोरांच्या हातात ट्रे देणारा यजमान आधी कायदा मोडतो, मग बाकीचं.

प्रश्नोत्तरं

*एनर्जी ड्रिंक घातलं तर चालेल का?*

आम्ही घालणार नाही. त्यातल्या कॅफिननं झोप उडते, मद्यार्क कमी होत नाही. माणूस जागा राहतो आणि आपण शुद्धीवर आहोत असं समजून आणखी पितो.

*जास्त झाली तर उतरवायला काय? ताक, लिंबू, कॉफी?*

काहीही नाही. फक्त वेळ. आंघोळीनं ताजंतवानं वाटतं, रक्तातला आकडा तोच राहतो. कुणी हाक मारूनही जागं होत नसेल, श्वास संथ झाला असेल, तर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, तोंडात पाणी ओतू नका, १०८ ला फोन करा. 'झोपू द्या, सकाळी उठेल' यातच माणसं जातात.

*ट्रे किती वेळा फिरवायचा?*

आधी जेवण किंवा निदान भजी, चिवडा, शेंगदाणे. रिकाम्या पोटी एकही नको. दोन फेऱ्यांत किमान अर्धा तास. आणि तीन फेऱ्या झाल्या की मिक्सर धुवून ठेवायचा. १२ माणसांना तीन क्वार्टर, त्याहून जास्त आणायच्याच नाहीत. घरात उरलेली बाटली रात्री एक वाजता कुणाच्याच मनाला थांबू देत नाही.

*(एका ताईंचा प्रश्न) आम्ही बायका दुकानं बंद व्हावीत म्हणून धडपडतो, आणि तुम्ही कृती सांगता. उद्या पोरं म्हणतील, व्याख्यानात शिकवलंय.*

ताई, प्रश्न रास्त आहे. बायकांनी मागणी करून, मतदान घेऊन बाटली आडवी करायचा रस्ता या राज्यात आहे, आणि ज्या गावांनी तो वापरला त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. तुमच्या लढ्याच्या आड आमचं बोलणं येऊ नये. पण जिथं बाटली उभी आहे तिथं ट्रे फिरतोच, आणि तो फिरवणारं पोरगं आपलंच असतं. त्याला मोजता आलं नाही तर किंमत दुसऱ्याच्या घरी पोचते. तुम्ही आमचं एक काम करा. घरातल्या पोरानं मिक्सर मागितला, तर देण्याआधी दोन प्रश्न विचारा. एका ग्लासात किती मि.ली.? आणि गाड्यांच्या किल्ल्या कुणाकडे? उत्तर आलं नाही तर मिक्सर देऊ नका.

किल्ल्यांचं तेवढं सांगायचं राहिलं होतं, ते ताईंमुळे आलं. पहिला ट्रे फिरण्याआधी किल्ल्या एका डब्यात, आणि डबा न पिणाऱ्याकडे. ज्यांना घरी जायचंय त्यांची सोय आधी ठरवा, ज्यांची होत नाही त्यांच्यासाठी सतरंज्या काढून ठेवा.

कृती आणि मापं लिहिलेला कागद दाराशी ठेवलाय, जाताना घेऊन जा. बिनदारूच्या पन्ह्याचे पेलेही तिथंच आहेत. ते मात्र हवे तितके घ्या.